सूर्यात काय जळते?

मे महिन्यात मुलाखती ठेवायची अक्कल ज्याला सुचली, त्याला दुपारी दोन वाजता नागपूरच्या महाल भागातल्या त्या हॉलमध्ये आणून बसवावं, असं यमुताईंना दरवर्षी वाटायचं. पंचाईत ही, की तो माणूस तिथंच बसलेला असायचा आणि चांगला मजेत असायचा. मार्तंडराव. निवृत्त हेडमास्तर, ज्ञानदीप विज्ञान मंडळाचे अध्यक्ष. खिडकीला वाळ्याची ताटी, तिच्यावर तासातासाला पाण्याचा शिपका, समोर पन्ह्याचा पेला, आणि बाहेर सेहेचाळीस अंशांत नागपूर भाजून निघतंय.

मंडळाचं काम तसं चांगलं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. दरवर्षी खेड्यापाड्यातल्या एका हुशार विद्यार्थ्याला नागपुरात विज्ञान शिकायला जागा द्यायची. तीन वर्षं कॉलेज, वसतिगृहात राहणं-जेवणं, सगळं मंडळाकडे. एकच जागा. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. मुलाखतीला तिघं बसत: मार्तंडराव, दत्तोपंत वकील, आणि विज्ञान कळणारं कोणीतरी हवं म्हणून मुलींच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या यमुताई. अकरा वर्षं त्या बसत होत्या. अकरा वर्षं त्यांचं डोकं उठत होतं.

कारण शेवटचा प्रश्न.

शेवटचा प्रश्न मार्तंडराव स्वतः विचारत, आणि दरवर्षी तोच विचारत: सूर्यात काय जळते? त्याचं उत्तर त्यांनीच एकोणीसशे चव्वेचाळीस साली लिहिलेल्या छोट्या पुस्तकात होतं. 'सूर्य म्हणजे जळत्या हायड्रोजनचा प्रचंड गोळा होय.' हे वाक्य उमेदवाराने म्हणायचं, मार्तंडरावांनी डोळे मिटून मान डोलवायची आणि प्रवेशपत्रावर सही ठोकायची. म्हटलं नाही, तर सही नाही. सही नाही, तर जागा नाही. असा मंडळाचा रिवाज. कुठं लिहिलेला नव्हता, पण न लिहिलेले रिवाज जास्त चिवट असतात, हे यमुताईंना सासरी आल्यापासून माहीत होतं.

"अहो मार्तंडराव, हायड्रोजन जळत नाही हो तिथं," हे त्यांनी पहिल्या वर्षी सांगितलं. दुसऱ्या वर्षी आकृती काढून सांगितलं. पाचव्या वर्षी इंग्रजी पुस्तक आणून टेबलावर आदळलं. मार्तंडरावांनी ते उचलून बाइंडिंगचं कौतुक केलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की आजवर एकाही मुलानं वेगळं उत्तर दिलेलं नाही, मग चूक कशी? मुलं बिचारी वेगळं उत्तर देणार कुठून! महालातले पुस्तकवाले ते पान आधीच दुमडून पुस्तक विकत.

आणि एकोणीसशे पंच्याहत्तरच्या त्या मे महिन्यात, लेखीत सगळ्यांत पहिली आलेली सुभद्रा रुपराव समोर येऊन उभी राहिली.

कुहीच्याही पलीकडच्या गावची पोरगी. सतरा वर्षांची, काळीसावळी, हाताच्या कोपरापर्यंत विटांच्या मातीचा रंग मुरलेला. बाप धान लावायचा आणि उन्हाळ्यात विटांची भट्टी लावायचा. पहाटेच्या एस.टी.नं दोघं आले होते. बाप बाहेर व्हरांड्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळून बसला होता. जागा मिळाली तर पोरगी कॉलेजात, नाही तर परवापासून पुन्हा भट्टीवर. तिसरा रस्ता नव्हता, हे तिनं स्वतःच सांगितलं होतं. रडून नाही, एस.टी.ची वेळ सांगावी तसं.

पहिले सगळे प्रश्न तिनं सहज उडवले. मग मार्तंडरावांनी पन्ह्याचा घोट घेतला, चष्मा सारखा केला आणि विचारलं, "आता सांग पोरी. सूर्यात काय जळते?"

"काईच नाई जळत जी."

दत्तोपंत वकील, जे साधारण तिसऱ्या प्रश्नाला पेंगायला लागत, त्यांनी एक डोळा उघडला.

"काय म्हणालीस?" मार्तंडराव म्हणाले.

"काईच नाई जळत," सुभद्रा म्हणाली. "जळाले हवा लागते नं जी. आमच्या भट्टीचे भोकं बुजवले, वरून चिखल लिपला, का आग आतच मरते. सूर्याले कुठची हवा? अन् इतल्या वर्साचं जळून राहिलं असतं, तं आतापावतो राख झाली असती. राख कुठं हाय मंग?"

"मग तो तापतो काहून?" मार्तंडरावांनी विचारलं, आणि तेही नकळत तिच्या बोलीवर गेले.

"थे जळनं नाई जी, थे जुळनं हाय. हायड्रोजनचे कन एकमेकाले जवळ येऊ देत नाई. पन सूर्याच्या पोटात गर्मी अशी, अन् वरून दाब असा, का ते एकमेकाइत घुसतेच. चार घुसले का एक हेलियम होते. त्याचं वजन चौघाइपेक्षा जरासं कमी भरते. जे कमी भरलं, थे उजेड अन् गर्मी होऊन बाहेर येते." तिनं पुढं सांगितलं, "भट्टीत मातीची वीट होते, पन आतून माती थे मातीच राह्यते. तिथं तं जिनसच बदलून जाते. मोठ्या ताऱ्यात हेलियमचा कार्बन होते, मंग पुढं पुढं लोखंडापावतो जाते. लोखंडापाशी थांबते. त्याच्या पुढं जुळवाले गेलं, तं गर्मी भेटत नाई, उलटी द्या लागते."

यमुताईंना वाटलं, उठावं आणि या पोरीला पोटाशी धरावं. अकरा वर्षं! अकरा वर्षं ज्या एका वाक्यासाठी कान तरसले, ते आज कुहीपलीकडून चालत आलं होतं, तेही विटांच्या भट्टीवरून.

"कुठं वाचलंस गं हे?"

"कुहीच्या वाचनालयात जुनं मासिक होतं, बाई. अर्धे पानं वाळवीनं खाल्ले होते. बाकीचं भट्टीपाशी बसून इचार केला."

मार्तंडरावांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत ते. रागावले असते तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी पोरीकडे मोठ्या मायेनं पाहिलं आणि म्हणाले, "घाबरली बिचारी. उन्हातून आली आहे. पोरी, तू जरा बाहेर बस."

सुभद्रा बाहेर गेली. आणि यमुताईंचा बांध फुटला.

"घाबरली? मार्तंडराव, आजवर या खुर्चीसमोर बरोबर उत्तर देणारी ती पहिली!"

"यमुताई, यमुताई. तुमचं रक्त लवकर तापतं. ती म्हणते, काही जळत नाही. आता तुम्हीच सांगा, आत तापमान किती?"

"दीड कोटी अंश."

"दीड कोटी!" मार्तंडरावांनी हात पसरले. "आपल्याकडे सेहेचाळिसात गवताची गंजी पेटते. मग दीड कोटी अंशांत हायड्रोजन जळणार नाही, तर काय गोठणार?"

"मुद्दा बिनतोड आहे," दत्तोपंत म्हणाले.

"कसला बिनतोड!" यमुताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, जळणं म्हणजे प्राणवायूशी संयोग. चूल, भट्टी, काडेपेटी. तिथं अणूच्या वरच्या वर देवघेव होते, गाभ्याला धक्का लागत नाही. म्हणून तर लाकूड जळलं तरी त्यातला कार्बन कार्बनच राहतो. इथं गाभेच एकमेकांत शिरतात. आता असं पाहा, दोन जावा आहेत, एकमेकींचं तोंड पाहत नाहीत. तुम्ही त्यांना लग्नघरातल्या एका खोलीत कोंबलंत, वरून पन्नास पाहुणे कोंबलेत, दार लावलंत. जवळ येणारच की नाही?"

"जवळ येतील. पण एक होणार नाहीत," दत्तोपंत अनुभवी आवाजात म्हणाले.

"वकीलसाहेब, उदाहरण सोडा हो! हेलियम होतो. नवा पदार्थ. सूर्यग्रहणात दिसला, आपल्याच देशात, गुंटूरला!"

"दिसला असेल," मार्तंडराव म्हणाले. "म्हणजे हायड्रोजन जळून हेलियम होतो. मग तेच तर मी लिहिलंय."

यमुताईंनी डोळे मिटले. वाळ्याच्या ताटीतून पाण्याचे थेंब टपकत होते आणि त्यांच्या डोक्यातही काहीतरी तसंच टपकत होतं. या माणसाला वाईट म्हणायचीही सोय नव्हती. तीस वर्षांत तीस पोरं याने खेड्यातून उचलून आणली होती. कोणी डॉक्टर झालं, कोणी इंजिनीअर. स्वतःच्या मुलांसाठी एवढं केलं नाही. पण त्या एका वाक्याला हात लावायचा म्हटलं, की हा देवमाणूस दगड व्हायचा.

"आणि दुसरं असं," मार्तंडराव हळू आवाजात म्हणाले, "आज तिला सही दिली, तर मागच्या तीस जणांना मी चुकीचं उत्तर बरोबर म्हणून सही दिली, असं होतं. ते कसं चालेल?"

म्हणजे त्यांना कुठंतरी कळत होतं! यमुताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काहीच कळत नसणाऱ्या माणसाला क्षमा करता येते, पण हे काय होतं?

"मग पोरीला परत भट्टीवर पाठवणार?"

"कोण म्हणालं? लेखीत पहिली आहे. मला तर तीच हवी आहे." मार्तंडराव खरोखरच कळवळून बोलत होते. "पाणी पिऊ द्या, शांत होऊ द्या. पुन्हा आत बोलवतो, पुन्हा विचारतो. पुस्तकातलं सांगितलं की लगेच सही. नाहीच आलं, तर मग धंतोलीत मामाकडे उतरलेला तो सकाळचा मुलगा आहेच. त्याने किती सुरेख म्हटलं, विरामचिन्हांसकट."

यमुताई उठल्या. "मी पाहते तिला पाणी मिळालं की नाही," म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

बाहेर झळा अशा, की डोळे उघडवेनात. अंगणातल्या निंबाखाली बाप-लेक बसले होते. रुपराव धडपडून उभा राहिला. "बाई, पोरगी चुकली का जी? मी तिले म्हनलं होतं, मोठ्या मानसाइसमोर जास्त बोलू नोको."

"चुकली नाही," यमुताई म्हणाल्या. "रुपराव, तुम्ही आतल्या माठातून पाणी घेऊन या बरं." आणि तो गेल्यावर त्या पोरीसमोर वाकल्या. "हे बघ सुभद्रा. तुझं उत्तर बरोबर आहे. अगदी बरोबर. पण आता आत गेलीस, की सांगायचं, सूर्य म्हणजे जळत्या हायड्रोजनचा प्रचंड गोळा होय. एवढंच. पुढं एक अक्षर नाही."

सुभद्रानं वर पाहिलं. "पन थे खोटं हाय नं बाई?"

"हो, खोटं आहे."

"तुमाले मालूम हाय, खोटं हाय म्हून?"

"मला माहीत आहे गं! मी त्या माणसाशी भांडून भांडून अर्धी झालेय. आज तू बरोबर राहिलीस, तर जागा धंतोलीच्या त्या मुलाला जाते. आधी आत ये. एकदा आमच्या कॉलेजात आलीस, की मी तुला सगळं शिकवते, तारे, प्रकाश, गुरुत्वाकर्षण, सगळं खरं. पण त्यासाठी आधी आत यावं लागतं. कळतंय का मी काय म्हणते?"

पोरीनं मान हलवली. "बरं बाई."

पुढचं सगळं दोन मिनिटांत उरकलं. सुभद्रा आत गेली, सरळ उभी राहिली. मार्तंडरावांनी प्रेमानं विचारलं, आणि तिनं एका दमात, न अडखळता, शाळेत कविता म्हणतात तशा आवाजात म्हटलं, "सूर्य म्हणजे जळत्या हायड्रोजनचा प्रचंड गोळा होय." बोलीसुद्धा सोडली होती तिनं. 'म्हणजे' म्हणाली, 'म्हंजे' नाही. कोणी सांगितलं नव्हतं हे, स्वतःच केलं.

मार्तंडरावांनी डोळे मिटून मान डोलवली. सही केली, शिक्का मारला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

यमुताई तिला सोडायला फाटकापर्यंत आल्या. रुपरावाला काय करू नि काय नको झालं होतं. प्रवेशपत्राची घडी घालू की नको घालू, खिशात ठेवू की दुपट्ट्यात बांधू, अशी त्याची तारांबळ चालली होती. यमुताईंना वाटलं, पोरगी हसेल, निदान एकदा वळून पाहील. ती चपलेचा अंगठा नीट करत होती.

"झालं बघ तुझं काम," यमुताई म्हणाल्या. "जिंकलीस."

"हाव बाई." मग ती म्हणाली, "आता त्या साहेबाईले खरं कोन सांगन?"

"त्यांना? अगं, सोड त्यांना. त्यांना कोणी सांगून उपयोग नाही. ते कोणाचं ऐकत नाहीत."

"मी तं सांगूनच राहिली होती, बाई," सुभद्रा म्हणाली. "अजून सांगितलं असतं. तुमीच थांबोलं."

तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. झालं ते तिनं सांगितलं. रुपरावानं दोन्ही हात जोडले आणि बाप-लेक सावली धरत धरत कुहीच्या एस.टी.साठी निघाले.

यमुताई फाटकाशी उभ्या राहिल्या. त्यांना चिडायचं होतं, आणि चिडायला कोणी सापडेना. एरवी ही अडचण त्यांना कधी पडली नव्हती. मार्तंडराव होते, दत्तोपंत होते, विद्यापीठ होतं, वीज घालवणारे होते, मे महिना होता. आज एकेकाला समोर उभं करून पाहिलं, पण निंबाखाली त्या पोरीला ते वाक्य पढवणारं यांपैकी कोणीच नव्हतं. त्या तरातरा आत आल्या.

"पाहिलंत यमुताई?" मार्तंडराव खुशीत होते. "पाणी प्यायली, शांत झाली, आणि कसं घडाघडा आलं!"

"आलं नाही. मी सांगितलं तिला. आत्ता, बाहेर, निंबाखाली. हेच म्हण म्हणून मी तिला सांगितलं."

बोलून त्या वाट पाहत राहिल्या. आता हा माणूस चिडेल. उमेदवाराला परीक्षकानं बाहेर गाठून उत्तर पढवलं म्हणजे काय साधी गोष्ट आहे? चिडू दे. म्हणजे आज सगळं बाहेर येईल, जे काय व्हायचं ते होईल.

मार्तंडरावांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुम्ही?" ते म्हणाले. "तुम्ही स्वतः शिकवलंत तिला हे वाक्य?" ते खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले. "अकरा वर्षं, यमुताई. अकरा वर्षं मी काही बोललो नाही. मनात म्हटलं, विदुषी आहेत, आज ना उद्या पटेल. आज पटलं."

"अहो, पटलं नाही! मार्तंडराव, ऐका माझं..."

"चला, एक मोठा मतभेद मिटला," दत्तोपंत म्हणाले आणि त्यांनी इतिवृत्ताची वही पुढं ओढली. वकीलच ते. लिहून झाल्यावर त्यांनी वही फिरवून यमुताईंसमोर ठेवली. वरच्या ओळीत कुमारी सुभद्रा रुपराव हिची निवड. खालच्या ओळीत, 'शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराबाबत समितीचे एकमत आहे.' खाली तीन सह्यांच्या जागा.

"खालची ओळ खोडा," यमुताई म्हणाल्या.

"खोडता कशी येईल? उत्तर बरोबर म्हणून तर निवड," दत्तोपंत म्हणाले. "उत्तराबाबत एकमत नसेल, तर निवडही अडते. मग सगळं पुन्हा. धंतोलीच्या मुलालाही बोलवावं लागेल."

मार्तंडरावांनी स्वतःचं पेन, टोपण काढून, त्यांच्या हातात दिलं. "सावकाश करा. ऊन फार आहे."

यमुताईंनी सही केली. रेघ नीट आली. राग तर कुठल्या कुठं गेला होता. डोक्यात एवढंच होतं, की जून महिन्यात ती पोरगी वर्गात येईल, पहिल्या बाकावर बसेल, आणि तिला सूर्य शिकवावा लागेल.